ढिली चेन

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा, आणि तो आजही धडधाकट आहे. लिहू का, असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिही. पण माझी बाजू घेऊन लिहू नकोस."

म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

अमावस्या, सुनसान रस्ता, मध्यरात्रीची हाक... यातलं काहीही इथे नाही. थंडी संपत आली होती, दिवस मोठे व्हायला लागले होते. जे झालं ते मामाच्या घरामागच्या शेडमध्ये झालं, आणि स्वच्छ उजेडात झालं.

मामाला वाटतं, रात्री झालं असतं तर बरं झालं असतं. निदान भास म्हणून सोडून देता आलं असतं.

मामाचं पंप आणि छोटी इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. माणूस कामाचा पक्का. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच... जुने, वापरलेले चेनसॉ जमवायचा. पेट्रोलवर चालणारी ती झाडं कापायची मशीनं. नवीन मशीन त्याला फुकट दिलं तरी नको. ज्यावर कुणीतरी घाम गाळलाय, ज्याच्या मुठीचं रबर नेमकं अंगठ्याखाली झिजलंय, असंच हवं. त्यासाठी तो कुठल्या कुठे जायचा. भंगारवाले त्याचे जिवलग मित्र. लग्नाला गेला तरी यजमानांच्या मागच्या दारी काही पडलंय का, ते बघून यायचा.

"आयुष्यात एक झाड लावलं नाही या माणसानं," मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आणि कापायची हत्यारं बघा, भिंतभर! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

मेल्यावर तरी जाते का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

शेडची एक अख्खी भिंत या मशीनांची होती. ओरखडे तसेच ठेवायचे, रंग द्यायचा नाही. पण एक नियम पक्का. भिंतीवरचं प्रत्येक मशीन चालू हवं. दोरी ओढली की सुरू! "बंद मशीनंच टांगायची तर भंगाराचं दुकान काय वाईट?" असं तो म्हणायचा. मशीन चालू करून बघायचं, पेट्रोल काढून टाकायचं, पुसायचं, चेन आवळायची आणि हुकाला टांगायचं.

चेनचं जरा नीट सांगायला हवं.

मशीन चाललं की लांब पट्टीभोवती फिरणारी चेन तापते, आणि तापली की वाढते. म्हणून झाडं तोडणारा माणूस काम करता करता ती आवळत राहतो. पण दिवसाचं काम संपलं की तो ती ढिली करून ठेवतो. तशीच राहिली तर थंड होताना आक्रसते आणि मशीनच्या आतलं काहीतरी मोडून ठेवते. मुरलेले लोक हे कधी विसरत नाहीत. चेन ढिली केली, की माणूस घरी निघाला.

मामाच्या भिंतीवरच्या चेन मात्र कायम घट्ट असायच्या. त्यांना कुठे कामाला जायचं होतं?

तर एकदा भंगारवाल्याकडून कळलं, की झाडं तोडणारा एक जण वारलाय आणि त्याचं मशीन घरात तसंच पडून आहे. मामा दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून तिकडे गेला. दोन खोल्यांचं घर. घरात त्या माणसाची बायको एकटीच. तिने पलंगाखालून चादरीत गुंडाळलेलं मशीन ओढून काढलं आणि पायानेच मामाकडे सरकवलं.

मामाचे डोळे लकाकले. असलं मशीन त्याच्या भिंतीवर नव्हतं.

पण सुरू करायची दोरी कापलेली होती. झिजून तुटलेली नाही. सुरीने सरळ कापलेली.

"वहिनी, ही दोरी..."

"मीच कापली." तिने मामाच्या हातातले पैसे घेऊन न बघताच ओट्यावर ठेवले. "न्या. भिंतीला लावा, पुसा, काय हवं ते करा. पण भाऊ, दोरी बसवू नका."

"नाही बसवणार."

"शब्द द्या."

मामाने दिला. बिचारीला नवऱ्याची आठवण येत असेल, मशीनचा आवाज ऐकवत नसेल, असं त्याला वाटलं. त्याने मशीन आणून हुकाला टांगलं.

काही दिवस त्याने शब्द पाळलाही. पण भिंतीवर सगळी मशीनं चालू, आणि तेवढं एक मुकं! पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी त्याची नजर सारखी तिथेच जायची. शेवटी एका रविवारी मामी बाहेर गेल्यावर त्याने ते उतरवलं. नवी दोरी घातली, थोडं पेट्रोल ओतलं आणि ओढली.

पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

इतकी वर्षं मशीनं जमवली, पण पडून राहिलेलं मशीन पहिल्या झटक्यात कधी सुरू झालं नव्हतं. मामा लहान मुलासारखा खूश झाला. त्याने मशीन बंद केलं, पेट्रोल काढलं, चेन आवळली आणि टांगून टाकलं.

तिला कुठे कळणार आहे, असं तो स्वतःशीच म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवसांत त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती. तिच्या घराचं छत दुरुस्तीला काढलं होतं. तिला मागची खोली दिली होती. खिडकीतून शेड दिसायची, आणि शेडच्या अलीकडे एक जुनं, उंच झाड. मामाचा या नातवावर फार जीव. मशीनं पुसणारे तेलकट हात साबणाने घासघासून धुवायचा आणि मगच त्याला उचलायचा.

दोरी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आल्यावर मामा सवयीने शेडमध्ये गेला.

त्या बाईच्या मशीनची चेन... पट्टीवरून खाली लोंबत होती.

आवळायची राहिली असेल, असं म्हणून त्याने ती आवळली. पुढच्या संध्याकाळी पुन्हा ढिली. आता मात्र त्याला जावयाचा संशय आला. जावई तसा थट्टेखोर, आणि रोज संध्याकाळी बाळाला बघायला यायचा.

"मी?" जावई हसत सुटला. "बाबा, मला गॅसचा रेग्युलेटर बसवता येत नाही. विचारा हिला!"

मामाही हसला. पण चेन इतकी नेमकी ढिली करणं येड्यागबाळ्याचं काम नव्हतं. कमी नाही, जास्त नाही. बरोबर तेवढी.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी मशीनखालच्या फरशीवर भुसा पडलेला होता.

ओला... ताजा.

मामाने पट्टीला बोट लावलं.

पट्टी कोमट होती.

त्याने टाकीचं झाकण उघडलं. टाकी कोरडी ठणठणीत. ढिली पडलेली चेन त्याने पुन्हा आवळली.

जेवताना ताईनेच विषय काढला.

"बाबा, दुपारी शेडमध्ये काय ठोकत असता हो? बाळ दचकून उठतं आणि मग रडं थांबत नाही त्याचं."

मामा दुपारी दुकानात असतो. हे तिला माहीत होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

"कसला आवाज?"

"ठक... ठक... ठक. असा सावकाश. मी खिडकीतून हाक मारली, 'बाबा, जरा थांबा ना.' तर थांबला."

"मग?"

"मग काय? खिडकीपाशी येऊन उभे राहिलात ना तुम्ही? मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, वर बघितलं नाही. पण पेट्रोलचा वास आला." तिने मामाकडे नीट बघितलं. "बाबा... तुम्हीच होतात ना?"

"हो, मीच," मामा म्हणाला.

त्याचा घास ताटातच राहिला. तो ठकठक आवाज कशाचा, हे त्याला कळलं होतं. झाड कापताना मागच्या चिरेत पाचर ठोकतात. झाड हव्या त्या बाजूला कलावं म्हणून.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तो झाडापाशी गेला.

बुंध्याला खाच होती. खोल, स्वच्छ, कडा सुरीने कापल्यासारख्या. आतून चीक गळत होता.

इतकी खाच घ्यायची तर मशीन किती वेळ बोंबलत राहायला हवं! पण घरात, शेजारी, कुणीही मशीनचा आवाज ऐकला नव्हता. एकानेही नाही.

मशीनं जमवता जमवता मामाने झाडं तोडणाऱ्यांच्या गप्पाही खूप ऐकल्या होत्या. खाच ज्या बाजूला, झाड त्या बाजूला पडतं. शिकाऊ माणसालाही हे पहिल्या दिवशी सांगतात.

ही खाच घराकडे होती. सरळ... ताईच्या खिडकीकडे.

तो वळसा घालून मागे गेला. मागची चीर अर्ध्यावर आली होती, आणि तिच्यात पाचर रुतलेली होती.

मामाची पाचावर धारण बसली. त्याने आधी ताईला आणि बाळाला पुढच्या खोलीत हलवलं. झाड किडलंय, पडेल, एवढंच घरात सांगितलं. झाडं तोडणाऱ्यांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाले. मग त्याने दुकान न उघडता स्कूटर काढली आणि थेट त्या बाईचं घर गाठलं. तिथे पोचला तेव्हा दार बंद होतं. ती कामाला गेली होती. दिवसभर तो समोरच्या पायरीवर बसून राहिला.

ऊन कलल्यावर ती आली. मामाला बघून दचकली नाही. कुलूप काढता काढताच म्हणाली,

"दोरी बसवलीत ना?"

मामाने मान खाली घातली.

"मला कळलं होतं. ते घरी आले तेव्हाच."

"कोण?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. वेड्याकडे बघावं तशी.

"संध्याकाळी येतात. दारात बूट आपटतात. मोरीत पाणी वाजतं. मग तिथे बसतात." तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "सकाळी जातात. कामाला लागलेला माणूस संध्याकाळी घरी येणारच ना, भाऊ?"

तिच्या मनगटावर काळानिळा वळ होता. ताजा. मामाची नजर गेली तशी तिने बाही खाली ओढली.

"ते वारले आणि थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. मशीन घरातच होतं तेव्हा. मी दोरी कापली आणि थांबलं. त्यानंतर कुठे मी पाठ टेकून झोपायला लागले होते."

मला माफ करा, असं काहीतरी मामा पुटपुटला. तिने ते ऐकलंच नाही.

"तुमच्या घरी लहान मूल आहे का हो?"

"नातू आहे. का?"

"त्यांना मुलाचं रडणं खपायचं नाही." तिने कुलूप कडीला अडकवलं. "आमचंही होतं एक."

मामाने स्कूटरची किल्ली काढली.

"जा," ती म्हणाली. "आधी दोरी कापा. त्यांची यायची वेळ झाली."

मामाने स्कूटर कशी हाणली त्याचं त्यालाच माहीत. घरी पोचला तेव्हा सूर्य मावळायला टेकला होता. शेडमध्ये उजेड होता, दारातून भिंतीपर्यंत तिरपा पडलेला.

त्याने आधी त्या मशीनला हात लावला. चेन घट्ट. पट्टी गार.

त्याला हायसं वाटलं. आज तो आलाच नाही, असं वाटलं.

मग शेजारच्या हुकाकडे लक्ष गेलं...

तिथलं मशीन मामाचं जुनं, लाडकं मशीन. त्याची चेन ढिली होती. दातांना चीक लागलेला. पट्टी अजून गरम.

म्हणजे त्याला स्वतःचंच मशीन लागत होतं असं नाही. चालू असलेलं कुठलंही चालत होतं. आणि मामाची तर अख्खी भिंत चालू होती! एकूण एक दोरी त्यानेच हौसेने बसवलेली.

तेवढ्यात मामाच्या डोक्यात आलं. चेन ढिली आहे, म्हणजे आजचं काम संपलंय. म्हणजे तो आत्ता इथे नाही. निघून गेलाय.

हीच वेळ. तो नाही तोवरच.

मामाने सुरी घेतली आणि पहिली दोरी कापली. मग दुसरी. आवाज ऐकून मामी आली आणि दारातच थबकली. जन्मभर या मशीनांना नावं ठेवणारी ती बाई, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, सगळ्या?"

"सगळ्या."

तिने का म्हणून विचारलं नाही. पदर खोचला आणि एकेक दोरी ताणून धरत गेली, म्हणजे त्याला कापायला सोपं जावं. अंधार पडायच्या आत भिंत मुकी झाली.

सकाळी झाडं तोडणारे आले. त्यांच्या मुकादमाने बुंध्याभोवती एक फेरी मारली आणि मामाकडे वळून म्हणाला, "काका, ही खाच कुणी घेतली? हात कसलेला आहे. पण त्याला झाड घरावरच पाडायचं होतं." त्यांनी झाडाला दोर बांधले आणि ते पलीकडे पाडलं. कापायला त्यांनी आपली मशीनं आणली होती, आणि काम होताच ती घेऊनही गेले. मामा ती गाडीत चढेपर्यंत तिथून हलला नाही.

घर शांत झालं. बाळ दुपारभर झोपायला लागलं. ताईला मागची खोली परत मिळाली, आणि आता तिथे ऊनही छान यायचं. मामा रोज सगळ्या चेन तपासायचा. सगळ्या घट्ट. हळूहळू त्याला दोन घास गोड लागायला लागले. आपण चूक केली, पण वेळेवर निस्तरली, असं वाटायला लागलं. त्या बाईलाही सुटल्यासारखं झालं असेल. तिला सांगून यावं, म्हणून एका रविवारी तो भर दुपारी तिच्याकडे गेला.

तिने दार हातभरच उघडलं.

"वहिनी, कापली दोरी. एक नाही, सगळ्याच कापल्या! आता आमच्याकडे काही नाही. तुमच्याकडेही थांबलं असेल ना?"

तिने मागे वळून घरात बघितलं. मग हळू आवाजात विचारलं,

"कधी कापलीत?"

"त्याच दिवशी. घरी गेल्या गेल्या."

"संध्याकाळी."

"हो. पण तो गेल्याची खात्री करूनच! चेन ढिली दिसली, तेव्हाच सुरी उचलली मी."

तिने डोळे मिटले.

"मी दुपारी कापली होती, भाऊ. ते कामावर असताना. त्यांना परतायला वाटच राहिली नाही." तिचा आवाज अगदी साधा होता, रडवेला नव्हता. "तुम्ही ते घरी आल्यावर कापलीत."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेर रणरणतं ऊन होतं.

"आता कामाला जात नाहीत ते," ती म्हणाली.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही... तुम्ही आमच्याकडे चला. आत्ताच्या आत्ता. माझी बायको आहे, मुलगी आहे, चला."

"तुमच्याकडे तान्हं मूल आहे ना?" ती म्हणाली. "मी जिथे जाईन तिथे त्यांचं घर."

तिने मामाला हात जोडले. दोन्ही हात त्याच्यासमोर होते, त्याने ते नीट बघितले.

आणि दार... लागलं.

त्या दिवशी मामाने घरी येऊन त्या मशीनला पुन्हा दोरी बसवली. दातांना धार लावली, टाकी पेट्रोलने भरली, चेन आवळली. तेव्हापासून रोज सकाळी तो ते मशीन शेडबाहेर, उजेडात टांगतो. एकदा, फक्त एकदा तो कामाला बाहेर पडू दे. मग भर दुपारी दोरी कापायची. सुरी मामाच्या खिशातच असते. दुकान अर्ध्यावर टाकून तो दुपारी घरी येतो आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसतो. ताई बाळाला घेऊन स्वतःच्या घरी कधीच गेली. बाळाला आता हे घर नाही दाखवायचं, असं मामाने तिला सांगितलंय. कारण सांगितलं नाही.

मी गेल्या आठवड्यात गेलो होतो. चहा पिऊन झाला, ऊन उतरलं. मामा उठला आणि चेनखाली बोट घालून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"काय रे मामा?" मी विचारलं.

"घट्टच आहे," तो म्हणाला.